वरच्या खोलीचा पत्ता

रफीकभाई, पोलिसांनी काल तुमची कात्री परत दिली. इस्त्री ठेवून घेतली. इस्त्रीवर रक्त होतं, केस चिकटलेले होते, ती कोर्टात जाईल. कात्रीवर काहीच नव्हतं. शिपायाने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या घरी शमीमभाभींच्या हातात दिली आणि भाभींनी माझ्या. मी कागद सोडला, पाती फाकवून दोन्ही बाजूंनी पाहिली. कुठेतरी त्या माणसाच्या रक्ताचा एक थेंब असेल, निदान एक ओरखडा तुम्ही त्याला काढला असेल, असं मला वाटत होतं. नव्हता. तेव्हा मला तुमचा इतका संताप आला की मी ती कात्री तुमच्या अंगणात भिरकावून दिली. ती मेंदीच्या झाडाखाली जाऊन पडली आणि तुमच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. भाभींनीच ती उचलून आणली आणि पदराला पुसली.

चार पदरी कापड एका दमात कापणारी कात्री होती ती. हातात होती तुमच्या. समोरच्या पानठेलेवाल्याने पोलिसांना सांगितलं की तो माणूस दुकानात शिरला तेव्हा तुम्ही कात्री मशीनच्या खणात ठेवली, खण लावून घेतला आणि मोकळ्या हातांनी उभे राहिलात. हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. त्यावर मी येणार आहे, तुम्ही सुटलात असं समजू नका.

आधी गावची बातमी, कारण ती तुम्हाला सगळ्यांच्या आधी लागायची. बल्लारपुरात सध्या अशी बातमी आहे की रफीक टेलरचं एका बाईशी लफडं होतं आणि नवऱ्याने पकडलं. त्याच्या पुढची बातमी अशी की दुकानावरची खोली त्याच कामासाठी होती आणि ती डोक्याची बाई, म्हणजे डोक्याचा इलाज करणारी मी, त्यांना ती खोली वापरू देत होते. मी पोलिसांना खरं ते सगळं सांगितलं आहे. पण माझा जबाब पोलिसांच्या कपाटात आहे आणि चहाच्या टपरीवर दुसराच जबाब चालला आहे. परवा स्टेशनवर दोन पोरं मला बघून हसली. तुम्ही असता तर त्यांची मुंडी धरून त्यांना रुळावर घासलं असतं. म्हणजे पूर्वीचे तुम्ही.

नागपूरची नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा मला अशी खोली हवी होती जिला स्वतःचं दार नसेल. आपल्याकडे माणूस पोटदुखीसाठी उजळ माथ्याने दवाखान्यात जातो, पण झोप येत नाही, हात थरथरतात, बायकोला मारल्यावर स्वतःच रडायला येतं, यासाठी कोणाकडे जायचं म्हटलं की तो आधी मागे वळून बघतो. तुमच्या दुकानाच्या मागच्या पडद्याआडून वर जाणारा जिना मी पाहिला आणि तिथल्या तिथे हो म्हटलं. बोर्ड लावला नाही. तुम्ही विचारलं, बाई, मग लोकाइले कळन कसं? मी म्हटलं, कळेल.

कळलंही. एक शाळामास्तर पहिल्यांदा आले ते हातात पँटपीस घेऊन. कोणी विचारलंच तर टेलरकडे चाललोय म्हणायला. ते त्यांनी कोणाला सांगितलं, कोणी पाहिलं, देव जाणे, पण मग जो तो कापड घेऊनच येऊ लागला. पेपरमिलचा फिटर शर्टाचं कापड आणायचा. मुलचेऱ्याकडची बंगाली मावशी नवऱ्याच्या लुंग्या आणायची. भामरागडला ड्यूटी असलेला पोलीस शिपाई सुट्टीवर आला की खाकी तागा काखेत मारून यायचा. यांची नावं मी तुम्हालाही कधी सांगितली नाहीत आणि तुम्हाला सगळी माहीत होती. ते कापड तुमच्या काउंटरवर ठेवायचे, पडदा सारून वर यायचे, आणि तासाभराने तेच कापड उचलून घरी जायचे. तुम्ही एकदा मला चहा देताना तोंड वाकडं करून म्हणालात, "बाई, गिऱ्हाईक तर लई वाढलं माझं, शिलाई काऊन वाढून नाई राह्यली?"

आणि ती मशीन. एक दिवस वर एक बाई अशी काही हंबरली की खाली माप द्यायला आलेली माणसं छताकडे बघायला लागली असणार. तेवढ्यात तुमच्या पायमशीनचा खडखडाट सुरू झाला आणि तिचं रडणं आवरेपर्यंत थांबला नाही. पुढे दरवेळी तसंच व्हायला लागलं. मला वाटायचं, योगायोग आहे, कामाचा माणूस आहे. एकदा पाणी घ्यायला अर्ध्यातून खाली आले तर तुम्ही घामाघूम होऊन मशीन हाणत होतात आणि सुईखाली कापड नव्हतं. मी विचारलं, दोरा कुठाय? तुम्ही मान वर न करता मला वर जायला सांगितलंत. रफीकभाई, माझ्या खोलीत माणसं मोठ्याने रडू शकली ती तुमच्या पायांच्या जोरावर. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. मी फक्त मशीनला तेल घाला म्हणून कुरकुर केली.

काय काय ऐकलं त्या खोलीने. सुरुंग फुटल्यावर मित्राचा बूट झाडावर अडकलेला ज्याने पाहिला आणि बुटात पाय होता, तो मुलगा. पोटातल्या पोरासकट लाथा खाल्लेली. खाणीतून आल्यावर रोज घरातली एक वस्तू फोडणारा आणि मग ती रात्र रात्र जोडत बसणारा. सगळी मारहाण वर शब्दांत यायची आणि खाली तुम्ही चहा पाठवायचात. मला वाटायचं, मारहाण अशीच जिना चढून, थकून, शब्द होऊनच येते. ती सरळ चालत दुकानात येईल असं मला कधी वाटलं नाही. खोटं बोलले. वाटायचं. त्याच भीतीवर तर आपलं भांडण होतं.

तुमच्या लेकीने, नाझनीनने, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून माझी वेबसाइट बनवली होती. मी तिला सांगितलं नव्हतं. तुम्हीच सांगितलं होतं, मला न विचारता. तुम्ही मला अक्षरशः हाताला धरून नेलंत, पडद्यावर पान एकेक पट्टी करत उतरलं, वर हिरव्या अक्षरांत माझं नाव आणि दोन्ही बाजूंना लुकलुकणारी गुलाबं. मी हसले तर नाझनीनचा चेहरा उतरला. मग मी म्हटलं छान आहे, पण सुरू करू नकोस. झालं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मागे हात धुऊन लागलात.

मी काय काय सबबी सांगितल्या. बसस्टँडच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. तुमचं म्हणणं, भिंत वेगळी, काँप्युटर वेगळा. या जंगलात वेबसाइट बघणार कोण, वाघ? असं मी विचारलं तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. त्या खाकीवाल्या मुलाच्या सोबतच्याने मागच्या उन्हाळ्यात कॅम्पवरच स्वतःला संपवलं होतं, ते तुम्ही काढलंत. "त्याले कोणी सांगतलं होतं का, का बल्लारपुरात एक बाई बसते म्हणून?" मग मी रागावले, कारण उत्तर नसलं की मी रागावते.

शेवटी मी खरं कारण सांगितलं. दुकान बंद करायची वेळ होती, तुम्ही इस्त्रीतले कोळसे विझवत होतात. मी म्हटलं, मी एकटी बाई आहे, रफीकभाई. नाव आणि पत्ता उघड्यावर मांडला की कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी भाऊ ते वाचून येईल आणि माझं डोकं फोडेल. तुम्ही बराच वेळ राख हलवत राहिलात.

"तो येनच बाई," तुम्ही म्हणालात. "पत्ता लिवा नाईतर नका लिवू. लिवला असन त त्याले ठावं राहीन का वरते काय होते. नाई लिवला त तो त्याच्या मनानं समजन."

मी म्हटलं, तुम्ही कपडे शिवा.

त्यावरही तुमचं तोंड बंद झालं नाही हे मान्य करते. पण तुम्ही ओरडला नाहीत. दोन वर्षांपूर्वीचा रफीक असता तर कोळशासकट इस्त्री भिंतीवर आपटली असती. त्या रफीकने एकदा सख्ख्या भावावर कात्री फेकली होती आणि भावाचा अर्धा कान लोंबायला लागला होता. त्यानंतर तुम्ही जिना चढून वर आलात, खुर्चीच्या टोकावर टेकलात आणि म्हणालात, सगळे कापड आणतात, मी काय आणू? मी तुम्हाला मोठं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की राग आला की हातात जे काही असेल ते आधी खाली ठेवायचं. बाकी सगळं नंतर. तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत की भाभी मला हसून सांगायच्या, आता हे आधी ताट खाली ठेवतात आणि मग शिव्या देतात. भाऊ परत घरी जेवायला यायला लागला. तुमच्यापेक्षा मलाच त्याचा जास्त अभिमान होता.

आणि मग ती. तिचं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत, मीही घेणार नाही. ती मोरपंखी ब्लाउजपीस घेऊन यायची. दरवेळी तेच. तुम्ही मला आडून सांगितलं, कापड घडीवर विटून चाललंय बाई, आता कोणीतरी विचारणार. तुम्ही तिलाही म्हणालात, एकदा शिवून देतो, घरी दाखवायला होईल. ती घाबरली. घरात कोरं कापड तेवढं एकच होतं. शिवून झालं तर पुढच्या वेळी काय घेऊन येऊ, असं तिने मला विचारलं. मला ते तेव्हा साधं वाटलं. बायकोने महिनोन्‌महिने टेलरकडे जावं आणि ब्लाउज काही अंगावर दिसू नये, याचा अर्थ घरात बसलेला माणूस काय लावेल, हे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही टेलर होतात. मला ते कळायला हवं होतं की नको, यावर मी आता डोकं फोडत बसत नाही. त्याने फोडायचं ते फोडलं आहे.

ती वर होती, रडत होती, खाली मशीन चालू होती. मशीन थांबली. मी म्हटलं काही कापायला उठले असतील. मग त्याचा आवाज आला. काउंटरवर ते मोरपंखी कापड पडलेलं होतं, ते त्याने ओळखलं. कुठी आहे ती, असं तो विचारत होता आणि तुम्ही शांतपणे सांगत होतात की कापड टाकून गेली. वर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने स्वतःचं तोंड स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

तुम्ही पडद्यासमोर उभे राहिलात ना? पानठेलेवाला तेच सांगतो. तुम्ही पडद्यासमोर उभे राहिलात, म्हणूनच त्याला खात्री पटली. एक वाक्य होतं, रफीकभाई. वरती डॉक्टरीण बसते, तिच्याकडे आली आहे. एवढं म्हटलं असतंत तर? मग तो जिना चढून आला असता आणि आम्हा दोघींना मारलं असतं, हे मला कळतं. दिवसाउजेडी कळतं. पहाटे जाग आली की मी तुमच्याशी परत तिथूनच भांडायला सुरुवात करते.

इस्त्री उचलल्याचा आवाज झाला नाही. पहिल्या घावाचा झाला. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि तो माझ्या कानातून जात नाही. मी खाली उतरेपर्यंत निखारे सगळीकडे सांडले होते, कोणाचा तरी सलवारीचा तागा पेटला होता, तुम्ही गुडघ्यांवर होतात आणि तो तुम्हाला मारतच होता. तुमचे हात वर होते, डोकं झाकायला. त्याला धरायला नाही. मी कोपऱ्यातला लोखंडी गज घेतला. लोकांना राग उतरवायला शिकवणारी मी, मी त्याच्या पाठीत, मानेत, हातांवर तो गज मारला, तो खाली पडल्यावरही मारला, पानठेलेवाल्याने मला मागून धरेपर्यंत मारला. त्याचं मनगट मोडलं आहे. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. हे मी पोलिसांनाही असंच सांगितलं. हातातली वस्तू खाली ठेवायची असते हे मला आठवलंच नाही, रफीकभाई, आणि तुम्हाला आठवलं. शिकवणारी विसरली आणि शिकणाऱ्याने धडा डोकं फुटेपर्यंत पाळला. कोणी सांगितलं होतं एवढा चांगला विद्यार्थी व्हायला?

चंद्रपूरच्या दवाखान्यात नेताना गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही काहीतरी म्हणालात. मला वाटलं पाणी मागताय. तुम्ही विचारत होतात, ती गेली का घरी? मी म्हटलं, हो, सुखरूप. तेव्हा ती खरं तर दुकानाच्या पायरीवर बसलेली होती आणि तिला उठवणारं कोणी नव्हतं. आता ती माहेरी आहे. जिवंत आहे.

तुम्ही गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात नको ती माणसं जमली. कोणाला यात आपला झेंडा रोवायचा होता, कोणाला त्यांचा. दुकानाच्या शटरवर दगड पडले, स्टेशनकडच्या रस्त्यावर एकाची हातगाडी उलटवली. भाभी डोक्यावरून ओढणी घेऊन उंबऱ्यात आल्या आणि म्हणाल्या, हे माझ्या घरचं मयत आहे, ज्याला रडायचं असेल त्याने आत यावं, बाकीच्यांनी घरी जावं. तुमच्या भावाने, त्याच अर्ध्या कानाच्या, दार लावून घेतलं. गाव त्या दिवशी पेटलं नाही ते त्या दोघांमुळे.

मी रोज जाते. भाकरी करून नेते, भाभी ती शेजारी देऊन टाकतात. मी वेबसाइटचं नावही काढत नव्हते. उलट आता तर कधीच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. खोलीच सोडायची, परत नागपूरला जायचं. ज्या बाईबद्दल गाव असं बोलतं, तिने स्वतःचं नाव आणि पत्ता स्वतःच्या हाताने लोकांपुढे ठेवायचा म्हणजे थुंका म्हणून तोंड पुढे करण्यासारखं होतं. कॅफेच्या समोरचा रस्ता मी टाळत होते.

काल कात्री पुसून झाल्यावर भाभी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "बाई, नाझनीनले कॉलेजात पोरी विचारतेत, तुह्या बापाच्या दुकानावर काय चालत होतं म्हणून. तुमी सांगता का? का मी सांगू?"

त्यांनी तक्रार केली नाही. माझ्याकडे रागाने पाहिलंही नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं की हे काम दोघींपैकी कोणी करायचं. मला एकदम तुम्ही राख हलवताना दिसलात. नाही लिहिलं तर तो त्याच्या मनाने समजेल. त्याने मनाने समजून तुमचा जीव घेतला आणि आता अख्खं गाव मनाने समजून तुमची अब्रू घेत होतं, आणि मी अजून घाबरतच होते.

आज सकाळी नाझनीनला घेऊन मी कॅफेत गेले. ओळखीच्या दोघांनी माना फिरवल्या. तिने जुनं पान उघडलं. मी गुलाबं काढू नकोस म्हटलं. माझं पूर्ण नाव, माझं शिक्षण, माझा फोटो, ज्यात माझे डोळे रडून सुजलेले आहेत, सगळं तसंच घातलं. मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. की ही खोली रफीक टेलर यांच्या दुकानावर आहे. की इथे मनाचं दुखणं ऐकलं जातं आणि त्यावर इलाज होतो. की इतकी वर्षं जी माणसं कापड घेऊन त्या दुकानात येत होती, बायका आणि पुरुष, त्यातली पुष्कळ माझ्याकडे येत होती, त्यांना तिथे लपावं लागत होतं, आणि रफीकभाईंनी त्या प्रत्येकाचं गुपित जिवापलीकडे जपलं. "जिवापलीकडे" लिहिताना नाझनीनचा हात थांबला. मी वाट पाहिली. तिने ते पूर्ण केलं.

जिना दुकानातूनच राहणार आहे. पडदा मी काढला आहे. मशीनवर भाभी बसणार म्हणतात, त्यांना फॉल-पिको येतं, आणि त्यांनी मला आधीच बजावलंय की त्या दोरा घालूनच मशीन चालवतील. कोणी रडलं तर रडू द्या, ऐकू आलं तर येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं आहे. मीही त्याच मताची आहे, पण तुमच्या खडखडाटाशिवाय मला ते जमायला वेळ लागेल.

नाझनीनने विचारलं, पत्त्याच्या खाली आणखी काही लिहायचंय का? मी एक ओळ सांगितली. तिने ती दोनदा वाचली, डोळे पुसले आणि पान सुरू करून टाकलं. आता ती तिथे आहे, रफीकभाई, जो उघडेल त्याला दिसेल.

येताना कापड आणू नका.